एचआयव्ही आणि गुदमार्गाचा कर्करोग : टाळता येणारा, बरा होणारा, तरी उशिरा सापडणारा

२००८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन विषाणूंच्या शोधांमध्ये वाटले गेले. अर्धे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही असतो, हे त्यांनी दाखवले होते. उरलेले अर्धे फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतान्ये यांना, एचआयव्हीच्या शोधासाठी. पारितोषिकाच्या यादीत शेजारी बसलेले हे दोन विषाणू अनेकदा एकाच माणसाच्या शरीरातही शेजारी असतात. त्यातून होणाऱ्या आजारांपैकी ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते तो गुदमार्गाचा कर्करोग.

या आजाराबद्दल माझे म्हणणे सरळ आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला तो झाला तर उपचार पूर्ण मात्रेने व्हायला हवेत, आणि होण्याआधी त्याला गाठायचे तर कुणीतरी ती जागा तपासायला हवी. पहिल्या गोष्टीसाठी भक्कम पुरावा जमलेला आहे. दुसरीसाठी सुरुवातीला फार यंत्रसामग्रीही लागत नाही. अडते ते संकोचापाशी. रुग्णाच्या संकोचापेक्षा डॉक्टरांच्या संकोचाने जास्त नुकसान होते, असे मला वाटते.

गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा. आतल्या बाजूला आतड्याचे मऊ अस्तर, बाहेर त्वचा. ही दोन्ही अस्तरे जिथे मिळतात त्या पट्ट्यातल्या पेशी सतत एका रूपातून दुसऱ्या रूपात जात असतात. गर्भाशयमुखावर असाच पट्टा असतो, आणि एचपीव्हीला दोन्ही ठिकाणे सारखीच मानवतात. गुदमार्गाच्या कर्करोगांपैकी जवळपास ९० टक्क्यांमागे एचपीव्ही असतो, त्यातही बहुतेकदा १६ क्रमांकाचा प्रकार. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती हा विषाणू साधारण वर्ष-दोन वर्षांत आवरते. एचआयव्हीने प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी खाली आणल्या असतील तर तो टिकून राहतो, पेशींत बदल घडवत राहतो, आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला पुढे अनेक वर्षे लागतात.

ही 'अनेक वर्षे' महत्त्वाची आहेत. १९९६ नंतर प्रभावी एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या) आली आणि पाश्चात्त्य देशांत एड्सशी जोडलेले कापोसी सार्कोमा, लिम्फोमा यांसारखे कर्करोग झपाट्याने घटले. गुदमार्गाचा कर्करोग मात्र तसा घटला नाही. पुढची काही वर्षे तो वाढतच गेला. कारण गोळ्यांनी सीडी-फोर वर आले तरी आधी रुजलेला एचपीव्ही आपोआप जात नाही, आणि पूर्वी जी माणसे चाळिशीआधी गेली असती ती आता साठीला पोचू लागली. किती धोका राहील हे ठरवताना आजच्या सीडी-फोरइतकेच, तो पूर्वी कधी किती खाली गेला होता हेही पाहावे लागते.

इथे आपला संबंध येतो. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली; पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळात सीडी-फोर दोनशेच्या खाली गेल्याशिवाय सहसा गोळ्या सुरू होत नसत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर गेली आणि २०१७ मध्ये 'निदान होताच उपचार' हे धोरण आले. म्हणजे २००४ ते २०१० च्या दरम्यान गोळ्या सुरू झालेली एक अख्खी पिढी अशी आहे, की जिची प्रतिकारशक्ती एकदा तळाला जाऊन आली आहे. ती माणसे आज पंचेचाळीस ते साठ या वयात आहेत. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि महाराष्ट्रातला आकडा चार लाखांच्या घरात, सर्व राज्यांत मोठा. अमेरिकेला आणि युरोपला जो प्रश्न पंधरा-वीस वर्षांपूर्वी पडला, तो आपल्या एआरटी केंद्रांच्या दारात आता उभा आहे.

धोका सगळ्यांना सारखा नाही. २०२१ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे आहेत : पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांमध्ये दर लाख व्यक्ती-वर्षांमागे ८५ रुग्ण, इतर एचआयव्हीबाधित पुरुषांत ३२, एचआयव्हीबाधित स्त्रियांत २२. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण एक ते दोन. पहिला आकडा पाहून हा 'त्यांचा' आजार आहे असे ठरवणारे पुढचे दोन आकडे वाचत नाहीत. स्त्रियांमध्ये एचपीव्ही जननमार्गातून शेजारच्या गुदमार्गात सहज पोचतो. त्यासाठी गुदसंभोग व्हावाच लागतो असे नाही. गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व बदल सापडलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रीच्या गुदमार्गाची चौकशी झालीच पाहिजे. अमेरिकन अभिनेत्री फराह फॉसेट २००९ मध्ये याच आजाराने गेल्या; अभिनेत्री मार्शा क्रॉस यांनी स्वतःच्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलून अनेक स्त्रियांची भीड मोडली. सर्वसाधारण लोकसंख्येत हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांनाच जास्त होतो.

कर्करोगपूर्व बदल शोधून काढून टाकले तर कर्करोग टळतो का? गर्भाशयमुखाबाबत याचे उत्तर कधीच मिळाले होते. गुदमार्गाबाबत ते २०२२ पर्यंत कुणाकडे नव्हते. 'अँकर' या अमेरिकेतल्या चाचणीत जोएल पालेफ्स्की आणि सहकाऱ्यांनी पस्तिशीच्या पुढच्या दहा हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांची तपासणी केली. निम्म्याहून अधिक लोकांत तीव्र स्वरूपाचे कर्करोगपूर्व बदल सापडले. हे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होते. त्यातल्या ४,४५९ जणांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली : एका गटात ते बदल लगेच नष्ट केले, दुसऱ्यात फक्त बारकाईने लक्ष ठेवले. सरासरी दोन वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला तेव्हा उपचार गटात ९ जणांना कर्करोग झाला होता आणि देखरेख गटात २१ जणांना. धोका ५७ टक्क्यांनी घटला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर थांबवून सगळ्यांना उपचार देऊ करण्यात आले.

या निकालाचा आनंद मानताना त्याच्या मर्यादाही नजरेआड करू नयेत. एकूण ३० रुग्णांवर उभा असलेला हा निष्कर्ष आहे, म्हणून ५७ टक्के या आकड्याभोवतीची अनिश्चितता ६ ते ८० टक्के इतकी रुंद आहे. उपचार होऊनही नऊ जणांना कर्करोग झालाच. बदल पुन्हा उगवतात, परत परत पाहावे लागते. आणि ज्या हातांनी हे साधले ते हात खास तयार केलेले होते.

त्या तपासणीचे नाव हाय-रिझोल्युशन ॲनोस्कोपी. रुग्ण कुशीवर झोपतो. बोटाएवढी, पारदर्शक प्लास्टिकची नळी आत सरकवतात. तिच्यातून पाच टक्के ॲसेटिक आम्लात, म्हणजे साधारण व्हिनेगरएवढ्या तीव्रतेच्या द्रावणात भिजवलेले कापड मिनिट-दोन मिनिटे आत ठेवतात. मग कोल्पोस्कोपसारख्या भिंगातून घडीनघडी उलगडून पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढुरका पडतो. आयोडिनचे द्रावण लावले तर निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि बिघडलेला तसाच फिकट राहतो. तिथला कणभर तुकडा तपासायला पाठवतात. बदल तीव्र निघाले तर ती जागा भूल देऊन विजेच्या सुईने जाळतात, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पाहायला वीस मिनिटांचे काम, पण नजर बसायला शेकडो रुग्ण तपासावे लागतात. मूळव्याधीच्या घड्या, जुने व्रण, चामखिळी यांच्या गर्दीत नेमका डाग ओळखणे नवख्याला जमत नाही.

अँकरनंतर मार्गदर्शक सूचना भराभर बदलल्या. आंतरराष्ट्रीय गुदकर्करोग संघटनेच्या २०२४ च्या सूचना सांगतात, की एचआयव्ही असलेल्या समलैंगिक पुरुषांची आणि ट्रान्स स्त्रियांची तपासणी ३५ व्या वर्षापासून, आणि इतर सर्व एचआयव्हीबाधितांची ४५ व्या वर्षापासून सुरू करावी. अमेरिकेच्या सरकारी सूचनांतही त्याच वर्षी ही तपासणी आली. त्यातली एक अट आपल्यासाठी सर्वांत कामाची आहे : जिथे ॲनोस्कोपीची सोय नाही तिथे नुसता पेशींचा नमुना घेऊन रुग्णाला 'बदल दिसतायत' असे सांगून घरी पाठवू नये. तिथे लक्षणे विचारावीत आणि दरवर्षी हातमोजा घालून बोटाने तपासावे. बोटाला कर्करोगपूर्व डाग लागत नाहीत, पण सेंटिमीटरभराची टणक गाठ लागते. त्या आकाराला सापडलेली गाठ बहुतांशी बरी होते.

महाराष्ट्राने अशा प्रकारचे काम शेजारच्या अवयवासाठी करून दाखवले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला एचपीव्ही तपासणीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने त्यात गावपातळीवरचे काम उचलले होते. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हिनेगरची तपासणी करून घेतली. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. तोच विषाणू, तसाच पट्टा, तेच द्रावण. गुदमार्ग तपासणे जास्त कठीण आहे हे खरे, पण ज्या राज्याने कोल्पोस्कोपी जिल्ह्यापर्यंत नेली त्याला दोन-चार शहरांत ॲनोस्कोपीची केंद्रे उभी करणे अशक्य नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पालेफ्स्कींच्याच सहभागाने झालेल्या अभ्यासात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांपैकी जवळपास सर्वांच्या गुदमार्गात एचपीव्ही सापडला होता. गरज नाही, असे म्हणायला जागा नाही.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक रुग्ण गाठ मोठी झाल्यावरच डॉक्टरांसमोर येतात. शौचाच्या वेळी रक्त पडते, बसताना टोचते, खाज येते, काहीतरी हाताला लागते. घरात, गल्लीत आणि दवाखान्यातही उत्तर एकच मिळते : मूळव्याध. मग मलम, चूर्ण, पथ्य, आणि भिंतीवर 'विना ऑपरेशन' लिहिलेल्या ठिकाणी इंजेक्शने. यात सहा महिने, वर्ष निघून जाते. एचआयव्ही असलेल्या रुग्णाने मूळव्याधीची तक्रार सांगितली तर न तपासता औषध लिहू नये. मूळव्याधीची शस्त्रक्रिया झाली तर काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. तुकड्याचा अहवाल आणखी एका कारणासाठी हवा. गाठ त्वचेसारख्या पेशींची, म्हणजे स्क्वॅमस आहे की आतड्याच्या ग्रंथींची, यावर पुढची सगळी वाट बदलते. दुसऱ्या प्रकारावर गुदाशयाच्या कर्करोगाप्रमाणे उपचार होतात. इथून पुढे लिहिले आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल.

१९७० पर्यंत त्यावरचा उपचार एकच होता : गुदमार्ग, गुदाशय काढून टाकायचा आणि पोटावर कायमची पिशवी लावायची. डेट्रॉईटचे शल्यविशारद नॉर्मन नायग्रो यांनी शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून आधी थोडे किरणोपचार आणि सोबत दोन औषधे दिली. १९७४ मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. दोघांची शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या भागात कर्करोग शिल्लकच नव्हता. तिसऱ्याने शस्त्रक्रियेला नकार दिला, तरी तो बरा राहिला. तीन माणसांच्या या निरीक्षणाने एका आजाराची उपचारपद्धती पालटली. शस्त्रक्रिया मागे पडली; केमो आणि किरण एकत्र, हाच मुख्य उपचार झाला.

ब्रिटनच्या 'ॲक्ट-वन' चाचणीत (१९९६, ५८५ रुग्ण) नुसते किरण दिलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांत त्याच जागी अपयश आले. फाइव्ह-एफयू आणि मायटोमायसिनची जोड दिल्यावर ते ३६ टक्क्यांवर आले. मायटोमायसिन जहाल आहे, रक्तपेशी खाली आणते, म्हणून ते वगळून किंवा त्याऐवजी सिसप्लॅटिन देऊन पाहिले गेले. 'ॲक्ट-टू'मध्ये (२०१३, ९४० रुग्ण) सिसप्लॅटिन सरस ठरले नाही. म्हणून आजही प्रमाण उपचार हाच : साडेपाच-सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस किरण, सोबत मायटोमायसिन आणि फाइव्ह-एफयू किंवा त्याऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या.

मग एचआयव्ही असलेल्यांचे काय? या मोठ्या चाचण्यांपैकी अनेकींमध्ये त्यांना घेतलेच नव्हते. नव्वदीच्या दशकात, गोळ्या नीट उपलब्ध नसताना, सीडी-फोर दोनशेच्या खाली असलेल्यांना या उपचारांचा फार त्रास झाला. त्यातून 'यांना झेपणार नाही, मात्रा कमी करा' असा रिवाज पडला. तो काळ गेला, रिवाज काही ठिकाणी उरला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ११८४ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यातल्या १५ टक्क्यांना एचआयव्ही होता. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण एचआयव्ही असलेल्यांत ७७ टक्के आणि नसलेल्यांत ७५ टक्के. काही लहान अभ्यासांत एचआयव्ही असलेल्यांमध्ये आजार त्याच जागी परतण्याचे आणि त्रासाचे प्रमाण जास्त दिसले, हेही सांगायला हवे. पण त्याचा अर्थ पाठपुरावा आणि आधार वाढवावा असा होतो, मात्रा कापावी असा नाही. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) आटोक्यात असेल आणि अंगात बळ असेल तर उपचार पूर्णच द्यावा, यावर आता तज्ज्ञांचे एकमत आहे. गोळ्या सुरू नसतील तर त्या लगेच सुरू कराव्यात. सीडी-फोर वाढायची वाट पाहत कर्करोगाचा उपचार रोखू नये.

खरी कसोटी तपशिलात असते. किरणोपचारात व्हायरल लोड दबलेला असला तरी सीडी-फोर घसरतो, म्हणून न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल द्यावे लागते. झिडोव्ह्युडिन हे एआरटीतले औषध चालू असेल तर ते बदलावे, कारण तेही मायटोमायसिनसारखे रक्त कमी करते. आपल्याकडे आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर ही एकत्र गोळी मिळते. केमोशी तिचे फारसे भांडण नाही. पण रिटोनाव्हिर असलेल्या दुसऱ्या फळीच्या गोळ्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचा त्रास वाढवू शकतात, आणि सिसप्लॅटिन द्यायची वेळ आली तर टेनोफोव्हिरसोबत मूत्रपिंड सांभाळावे लागते. हिपॅटायटिस बी असलेल्याचे टेनोफोव्हिर परस्पर बंद केले तर यकृत बिघडू शकते. आणि अगदी साधी गोष्ट : अशक्तपणासाठी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतली तर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलेच जात नाही. हे कर्करोगतज्ज्ञाच्या लक्षात येत नाही, एआरटीच्या डॉक्टरांपर्यंत कागद पोचत नाही. दोघांनी एकमेकांना एक फोन केला तर बरेच काही टळते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जांघेतली आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा सोलवटते. शौचाला जाणे नकोसे होते, जुलाब लागतात. कोमट पाण्याच्या टबात बसणे, मलम, भरपूर वेदनाशामक, सैल सुती कपडे यांवर दिवस काढावे लागतात. नेमका नेम धरणाऱ्या आयएमआरटी तंत्राने हा त्रास कमी झाला आहे. तरी याच टप्प्यावर रुग्ण 'आठवडाभर घरी जाऊन येतो' म्हणतात, आणि मध्ये खंड पडला की बरे होण्याची शक्यता घटते. नांदेडहून, लातूरहून मुंबईला आलेल्या माणसाला सहा आठवडे राहायचे कुठे, हा म्हणूनच वैद्यकीय प्रश्न आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कित्येकांचा आधार झाली आहे. निघताना आपल्या एआरटी केंद्रातून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन निघणे, आणि त्या धर्मशाळेत चारचौघांत लपवत बसावे लागणार नाही अशी सोय पाहणे, हेही उपचारात धरायला हवे. उपचारानंतर स्त्रियांचा योनिमार्ग आक्रसतो. त्यासाठी डायलेटर वापरायला शिकवावे लागते. मूल हवे असलेल्यांशी वीर्य किंवा बीजांडे साठवण्याबद्दल आधीच बोलावे लागते. एचआयव्ही आहे म्हणून या चर्चा गाळण्याचा अधिकार कुणालाही नाही.

उपचार संपल्यावर डॉक्टरांनी धीर धरायचा असतो. गाठ हळूहळू विरते. ॲक्ट-टूमध्ये उपचार सुरू झाल्यापासून अकराव्या आठवड्याला गाठ पूर्ण गेली नव्हती अशांपैकी ७२ टक्के रुग्णांची गाठ सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गेली. वाढत नसलेल्या गाठीचा घाईने तुकडा घेतला तर भाजलेल्या जागी न भरणारी जखम होते, आणि घाईने शस्त्रक्रिया केली तर पिशवी विनाकारण लागते. सहा महिन्यांनंतरही आजार उरला किंवा परतला, तरच मोठी शस्त्रक्रिया, आणि तीही एचआयव्हीचे कारण सांगून टाळता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसेवेतला भेदभाव बेकायदा ठरवला आहे.

दूर पसरलेल्या आजारासाठी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी सिसप्लॅटिनच्या जुन्या जोडीपेक्षा सोसायला सोपी आणि सरस ठरली. तिला रेटिफॅनलिमॅब या इम्युनोथेरपीची जोड देऊन झालेल्या ३०८ रुग्णांच्या चाचणीनंतर अमेरिकेने २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्या चाचणीत एचआयव्ही आटोक्यात असलेल्यांना प्रवेश होता. वर्षानुवर्षे बाहेर ठेवलेल्या लोकांसाठी हे लहान पाऊल नाही.

एचपीव्हीची लस हा पुढच्या पिढीचा उपाय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. तिला ९ ते २६ या वयाच्या मुलींसाठी आणि मुलांसाठीही परवानगी आहे. एचआयव्ही असलेल्यांना तीन डोस लागतात. जन्मापासून एचआयव्हीसह वाढलेली मुले-मुली आज किशोरवयात आणि विशीत आहेत. लस सर्वांत आधी त्यांना मिळायला हवी. सत्तावीस वर्षांपुढच्या एचआयव्हीबाधितांमध्ये मात्र लस देऊन पाहिली तेव्हा गुदमार्गातला चिवट संसर्ग टळला नाही. त्यांच्यासाठी तपासणीला पर्याय नाही.

ती तपासणी सुरू करायला एआरटी केंद्रात आज काय आहे? वजनकाटा आहे, क्षयाची चार लक्षणे विचारायची पद्धत आहे, स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी पाठवायची चिठ्ठी आहे. त्या प्रश्नांत आणखी दोन घालता येतील : शौचाच्या जागी रक्त, दुखणे, गाठ आहे का, आणि तिथे कधी कुणी तपासले आहे का. त्यामागे एक पडदा, हातमोज्यांचा डबा, जेलीची ट्यूब आणि जिल्हा रुग्णालयातल्या एखाद्या शल्यविशारदाचे नाव, जो अशा रुग्णाला मागच्या रांगेत बसवणार नाही. समुपदेशकांना हे प्रश्न न अडखळता विचारायचे प्रशिक्षण एका दुपारीत देता येते. मुंबईतला हमसफर ट्रस्ट, पुण्यातला समपथिक ट्रस्ट अशा संस्थांमध्ये हे मराठीत मोकळेपणाने बोलणारी माणसे वर्षानुवर्षे काम करत आहेत. शिकवायला त्यांनाच बोलवावे.